कोल्हापूरच्या कर्तृत्ववान स्त्रियांचे चरित्रलेख कसे लिहावेत

दरवर्षी 8 मार्च जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातील शाळा, महिला मंडळे आणि वाचनालये यांच्याकडून कर्तृत्ववान स्त्रियांवरील लेखांची मागणी होऊ लागते. भित्तिपत्रके लागतात, स्मरणिका निघतात, वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलींना टिपणे दिली जातात. त्यातील बराचसा मजकूर जन्म, विवाह, पुरस्कार आणि निधन एवढ्यावर उरकलेला असतो, आणि त्या बाईंनी प्रत्यक्ष केले काय, हे तो वाचणाऱ्या मुलीला अखेरपर्यंत कळत नाही. ज्या स्त्रीविषयी लिहायचे तिचे काम आधी नीट समजून घ्यावे आणि तिचे चरित्र त्या कामाभोवती रचावे, या एकाच भूमिकेतून पुढील सूचना लिहिल्या आहेत. हजार-बाराशे शब्दांचा लेख लिहू इच्छिणारे शिक्षक, विद्यार्थिनी आणि ग्रंथालय कार्यकर्ते यांना त्या उपयोगी पडाव्यात.

गावाशी नाते नेमके सांगावे

निवड करताना त्या स्त्रीचे कोल्हापूरशी नाते कोणते, ती येथे जन्मली, शिकली, राबली की केवळ नेमली गेली, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करावे. गावाच्या अभिमानापोटी हे नाते फुगवण्याचा मोह फार होतो आणि त्यामुळे चुकीची माहिती पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाईंनी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीपीआर’ आहे. मात्र क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई त्या पदावर रुजू होऊच शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘आनंदीबाईंनी कोल्हापुरात रुग्णसेवा केली’ असे वाक्य लिहिणे चुकीचे ठरते. त्याऐवजी एका संस्थानाने 1886 मध्ये स्त्री डॉक्टरसाठी जागा राखली होती आणि ती जागा त्यांच्यावाचून रिकामी राहिली, असे लिहिले तर सत्यही सांगितले जाते आणि त्या घटनेचे वजनही वाचकापर्यंत पोहोचते.

लता मंगेशकर यांच्याबाबतही असाच काटेकोरपणा ठेवावा. त्यांचा जन्म 1929 मध्ये इंदूरचा. 1942 मध्ये वडील दीनानाथ गेल्यानंतर घर चालवण्यासाठी त्या मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत काम करू लागल्या आणि ती संस्था त्या काळात कोल्हापुरात होती. बालवयात कमावत्या झालेल्या मुलीचे हे कोल्हापूर आहे आणि लेखात तेवढेच यावे.

नावांचा कागद आधी तयार करावा

स्त्रियांची माहिती शोधताना सर्वांत जास्त वेळ नावांमध्ये जातो. माहेरचे नाव, सासरचे नाव, दत्तक किंवा राजघराण्यातील नाव, पडद्यावरचे नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव अशी एकाच व्यक्तीची चार-पाच नावे निरनिराळ्या कागदांत असतात. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वीच एका कोऱ्या कागदावर ही सर्व नावे, ती कोणत्या काळात वापरात होती यासह, लिहून काढावीत आणि ग्रंथालयात किंवा पुरालेखागारात जाताना तो कागद जवळ ठेवावा.

बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई या पडद्यावर अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. चित्रपटात काम करणाऱ्या बाईकडे समाज तेव्हा कोणत्या नजरेने पाहत होता, याचा अंदाज या बदललेल्या नावांवरून यावा. जो अभ्यासक केवळ कमलादेवी शोधेल त्याला गुलाबबाई सापडणार नाहीत.

याच्या उलट अडचण समान नावांची आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत करवीर संस्थानातील मुलींच्या शिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर यांनी सांभाळली. त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना महाराजांनी पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस पाठवले आणि त्यांनी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये सेवा केली. आपल्या संमतीवाचून झालेल्या बालविवाहाविरुद्ध न्यायालयात लढलेल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे डॉक्टरकी केलेल्या रखमाबाई राऊत (1864–1955) या सर्वस्वी वेगळ्या. दोघी समकालीन, दोघींच्या चरित्रात वैद्यक येते, त्यामुळे घाईत लिहिणाऱ्याकडून एकीचे श्रेय दुसरीच्या पदरात सहज पडते.

नात्यावरून ओळख करून देण्याची सवयही याच टप्प्यावर सोडावी. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांचा परिचय ‘ना. सी. फडके यांच्या कन्या’ असा सुरू करणे सोपे असते. पण कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय उभे करून मुलांना छडी व भीतीवाचून शिकवता येते हे त्यांनी दाखवून दिले आणि लेखाने तेथूनच सुरुवात करावी. वडिलांचे नाव चौथ्या परिच्छेदात आले तरी काही बिघडत नाही.

कागद कोठे मिळतात

छापील माहितीसाठी 1850 मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. संस्थानकाळासाठी कोल्हापूर पुरालेखागार, संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवाल आणि शाहू महाराजांच्या पत्रव्यवहाराचे प्रकाशित खंड उपयोगी पडतात. जुन्या कागदांपैकी बराच भाग मोडी लिपीत आहे. मोडी येत नसेल तर जाणकाराला सोबत न्यावे, अंदाजाने वाचू नये. ‘सत्यवादी’ आणि ‘पुढारी’ या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत सत्कार, निवडणुका, स्पर्धा यांच्या छोट्या बातम्या असतात आणि त्या बातम्यांमुळे घरच्यांनी सांगितलेल्या तारखा पडताळून पाहता येतात.

जन्मतारखेबाबत एक सावधगिरी घ्यावी. जुन्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 1 जून अशी दिसते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती टाकलेली असे. अशी तारीख दिसल्यास घरातील पत्रिका किंवा भावंडांची वये यांच्याशी ताडून पाहावी आणि खात्री होत नसेल तर केवळ वर्ष द्यावे.

प्रत्यक्ष भेट

हयात स्त्रीविषयी किंवा अलीकडे निधन पावलेल्या स्त्रीच्या कुटुंबीयांशी बोलून लिहायचे असेल, तर भेट दुपारी, घरातील कामे उरकल्यानंतरची ठरवावी आणि शक्यतो एखाद्या स्त्री सहकाऱ्यासह जावे. ‘मावशी, तुमची प्रेरणा कोण?’ असे विचारले की आई-वडील, गुरुजन आणि अंबाबाईची कृपा असे सभेतले उत्तर येते. ते मनापासून दिलेले असले तरी त्यातून चरित्र उभे राहत नाही. त्याऐवजी ‘आक्का, पहिल्या महिन्याचा पगार कोणाच्या हातात दिलात?’ किंवा ‘सरावाला जाताना धाकट्या बाळाला कोणापाशी ठेवत होता?’ असे विचारावे. अशा प्रश्नांना माणसे थांबून, आठवून उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा त्या उत्तरातून एखादी नणंद, शेजारीण किंवा सासू प्रथमच समोर येते, जिच्यावाचून ते काम झालेच नसते.

अनेक घरांत बाईंना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पती किंवा मुलगाच देऊ लागतो. त्यांचा अनादर न करता ‘दादा, तुमच्याकडून नंतर स्वतंत्र लिहून घेते, आत्ता काकींना बोलू द्या’ असे सांगावे. त्यांनाही सांगण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून तो शब्द खरोखर पाळावा.

बोलणे रंगात आले की कागदपत्रे पाहायला मागावीत. साधारणपणे पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली जाते, पिशवीत गुंडाळलेली प्रशस्तिपत्रके आणि पिवळे पडलेले फोटो बाहेर निघतात. फोटो हातात आला की तो उलटून पाहावा: मागे स्टुडिओचा शिक्का असतो, क्वचित तारीख असते, कधी शाईने लिहिलेली एक-दोन नावे असतात. समूहचित्र असेल तर डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव त्याच बैठकीत विचारून वहीत उतरवावे, कारण ते चेहरे ओळखणारे माणूस पुढच्या भेटीला असेलच असे नाही. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. मूळ फोटो घरी न नेता तेथेच, खिडकीच्या उजेडात, मोबाईलवर त्याची प्रत काढावी.

कामाचे मोजमाप समजून घ्यावे

लेखक ज्या क्षेत्राविषयी लिहितो त्याचे किमान ज्ञान त्याला हवे, अन्यथा लेखात ‘घवघवीत यश’ आणि ‘गगनभरारी’ असे शब्द भरून जागा भरावी लागते. कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिच येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 50 मीटर रायफल प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात सुवर्णपदक मिळवले, एवढे वाक्य सर्वत्र आढळते. त्या वेळी या प्रकारात 60 गोळ्या झाडायच्या असत आणि प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त 10 गुण असत. तेजस्विनी यांनी 600 पैकी 597 गुण मिळवून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, म्हणजे पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर साठ गोळ्यांत त्यांचे केवळ तीन गुण गेले. हा हिशेब मांडला की विशेषणांची गरज उरत नाही. कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले तेव्हा अंतिम फेरीत बरोबरी झाली होती आणि दोन शूटऑफनंतर (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा फेऱ्यांनंतर) निकाल लागला. त्या शूटऑफचे वर्णन करता येईल इतके नियम लेखकाने आधी समजून घ्यावेत.

संगीतासाठी हेच करावे. केसरबाई केरकर (1892–1977) गोव्यातील केरीच्या. लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या, जे शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. 1977 मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. ही बातमी सांगून थांबू नये. ती साडेतीन मिनिटांची भैरवी शांतपणे अनेकदा ऐकावी आणि आपल्या कानाला काय जाणवले ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. तुलनेने कमी लिहिले गेलेले नाव हवे असेल तर मूळच्या कोल्हापूरच्या आणि बडोदा दरबारात गायिका असलेल्या लक्ष्मीबाई जाधव यांचा विचार करावा.

‘पहिली’ लिहिण्यापूर्वी

कोणत्याही स्त्रीला ‘पहिली’ ठरवताना कशात पहिली, कोठे पहिली आणि कोणत्या वर्षी, या तिन्ही गोष्टी त्याच वाक्यात द्याव्यात. ‘सैरंध्री’मधील नटींना भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया म्हणता येत नाही, कारण 1913 मध्येच दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटात आल्या होत्या. राही सरनोबत या आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला आहेत. यातील एकही शब्द गाळला तर विधान खोटे होऊ शकते.

अवघड वर्षे वगळू नयेत

कावळा नाक्यावरील अश्वारूढ पुतळ्यामुळे महाराणी ताराबाई कोल्हापूरकरांच्या रोजच्या रस्त्यावर आहेत. परंतु त्यांच्यावरील शालेय लेख बहुधा औरंगजेबाच्या मृत्यूपाशी थांबतात. 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तल्यानंतर, पंचविशीतील या राणीने 1707 पर्यंत मोगलांविरुद्धचे युद्ध चालवले, हे खरेच असामान्य आहे आणि खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानेही त्यांच्या बुद्धीची व कारभाराची दखल घेतली. पण त्यानंतर ताराबाई 54 वर्षे जगल्या. साताऱ्याच्या शाहू महाराजांशी संघर्ष करून त्यांनी करवीरची स्वतंत्र गादी उभी केली; 1714 मध्ये त्यांची सवत राजसबाई यांच्या पक्षाने त्यांना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकले; सातारा आणि करवीर यांच्यातील 1731 च्या वारणेच्या तहानंतर त्या साताऱ्यास गेल्या; 1750 मध्ये, पंच्याहत्तरीच्या सुमारास, ज्या रामराजाला त्यांनीच आपला नातू म्हणून साताऱ्याच्या गादीसाठी पुढे आणले होते त्यालाच त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पेशव्यांना आव्हान दिले. 1761 मध्ये, पानिपतच्या वर्षीच, त्यांचा मृत्यू झाला. ही उत्तरार्धाची वर्षे गैरसोयीची वाटतात म्हणून गाळली तर एका कसलेल्या राजकारणी स्त्रीची केवळ तलवार धरलेली मूर्ती उरते. सत्तेसाठी पुरुषांनी केलेल्या कारस्थानांना आपण मुत्सद्देगिरी म्हणतो. ताराबाईंच्या डावपेचांनाही तीच मोजपट्टी लावावी.

वैयक्तिक दुःखाविषयीही प्रमाण सांभाळावे. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी यांच्या 1918 मधील अपघाती मृत्यूनंतर बालवयात विधवा झालेल्या त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेबांच्या शिक्षणाची व्यवस्था शाहू महाराजांनी घरातील विरोध बाजूस सारून कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथे केली. येथे वैधव्याचे वर्णन एका वाक्यात आणि शिक्षणाचे दोन परिच्छेदांत व्हावे.

लिहून झाल्यावर

पहिला खर्डा झाला की त्यातील प्रत्येक वर्ष, आकडा आणि नाव पेन्सिलीने अधोरेखित करावे आणि ते कोणत्या कागदावरून घेतले, हे समासात लिहावे. ज्यासमोर काही लिहिता येत नाही ते विधान काढून टाकावे. हयात व्यक्तीला मजकूर वाचून दाखवावा. घरगुती वाद, आजारपण किंवा पैशाचे व्यवहार यांचा उल्लेख तिच्या होकाराशिवाय छापू नये, मात्र सार्वजनिक कामाविषयीचा प्रतिकूल तपशील केवळ आग्रहाखातर बदलू नये. छापून आलेल्या अंकाची एक प्रत त्या कुटुंबाला आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी, आणि मुलाखतीची वही व फोटोंची नावे लिहिलेला कागदही त्याच वाचनालयात, अंकासोबत एका पाकिटात, ठेवावा.