लंडनमध्ये भाकरी फुगली

लंडनला आल्यावर पहिले 4 महिने माझी ज्वारीची भाकरी एकदाही धड झाली नाही. थापताना कडा चिरायच्या, उचलताना मधोमध तुटायची. आईला व्हिडिओ कॉलवर परातीतला गोळा दाखवला. ती लगेच म्हणाली, "पिठाची विरी गेलीय गं." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. खरंच होतं. वेम्बलीतून आणलेलं ते पीठ दळून किती महिने झाले होते कोण जाणे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे जुनं पीठ नुसत्या गार पाण्यात धरतच नाही.

मग उकड काढली. 1 वाटी पाण्यात चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळी आणायची, शेगडी बंद करून 1 वाटी पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून 10 मिनिटं झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावत तळव्यानं रगडून मळायचं. इथे कंटाळा करू नका. गोळा दाबल्यावर कडेला चीर दिसली, तर अजून मळा.

दुसरी अडचण आचेची. भाड्याच्या घरात विजेची काचेची शेगडी, जाळ नाहीच. म्हणून तव्यावर दोन्ही बाजू भाजून झाल्या की भाकरी तशीच उचलून ओव्हनच्या तापलेल्या ग्रिलखाली सरकवते.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी 7 वाजता पहिली भाकरी टम्म फुगली, पापुद्रा सुटला. पिठलं तयार होतंच. भारतात रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी आईला फोन लावला. तिनं उचलला.