पावसाआधी गेटजवळचा गुलमोहर

2021 च्या तौक्ते वादळात मुंबईत कित्येक झाडं उन्मळून पडली, तेव्हापासून गोरेगावच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी दोनच सूर: 'तोडून टाका' नाहीतर 'हात लावू नका'. खाजगी आवारातलं झाड छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते (1975 चा कायदा), म्हणून वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात वेळेत अर्ज टाकला.

खरं दुखणं बुंध्याशी होतं. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट थेट खोडाला भिडलेलं. आधीच गुलमोहराची मुळं उथळ, त्यात पाणी-हवा बंद; झाड तग धरणार कशावर? ब्लॉक हाताने उचकटून भोवती मीटरभर माती मोकळी केली.

परवानगी आल्यावर पार्किंगवरची जड फांदी उतरवली. आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून करवत. नाहीतर फांदी वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलत नेते. उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून कापला. शेंडा बोडका करायला मात्र मी साफ नकार दिला, तिथले नवे कोंब वाऱ्यात पटकन तुटतात.

जाता जाता नारळाच्या सुक्या झावळ्याही काढून घेतल्या. नारळ दोन्ही सुरांनी वाटून घेतले.