जुन्या मॉलिब्डेनम-कॉपर पॉर्फिरी प्रॉस्पेक्टची फाइल कशी वाचायची

समजा एखाद्या प्रॉस्पेक्टवर, म्हणजे मॉलिब्डेनम आणि कॉपर (तांबं) मिळण्याची शक्यता असलेल्या डोंगरावर, साठ वर्षांत चार-पाच कंपन्या येऊन गेल्यात, प्रत्येकीने थोडं मॅपिंग केलं, माती तपासली, ड्रिलने आठ-दहा होल मारले आणि निघून गेली, आणि आता ते सगळं एका जाडजूड फाइलीत तुमच्यासमोर आहे. बहुतेक जण सगळ्यात नवीन रिपोर्ट उघडतात, त्याचा सारांश वाचतात आणि मागचं सगळं त्यात आलंच असेल असं धरून चालतात. असं करू नका. सगळ्यात जुन्या कागदापासून सुरू करा आणि प्रत्येक होलसमोर एकच प्रश्न लिहा: इथे का थांबले? खनिज संपलं म्हणून, की पैसे संपले म्हणून? या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रिपोर्टमध्ये तो क्वचितच सरळ लिहिलेला असतो, तो आपल्याला काढावा लागतो.

त्यासाठी आधी पॉर्फिरी, म्हणजे या प्रकारचा खनिजसाठा, कसा बनतो ते डोक्यात पक्कं हवं. जमिनीखाली काही किलोमीटरवर मॅग्मा थंड होताना त्यातलं पाणी, गंधक आणि धातू वेगळे होऊन वर दाब देतात, वरचा खडक असंख्य ठिकाणी तडकतो, आणि त्या केसाएवढ्या भेगांमधून गरम द्रव फिरून क्वार्ट्झ आणि सल्फाइडच्या (धातू आणि गंधकाच्या खनिजांच्या) शिरांचं जाळं तयार होतं. ग्रेड, म्हणजे खडकातलं धातूचं प्रमाण, कमी पण पसारा प्रचंड. द्रव बाहेर जाताना आजूबाजूचा खडकही बदलतो. मधोमध पोटॅसिक भाग, म्हणजे नवीन बायोटाइट (काळं अभ्रक) आणि गुलाबी के-फेल्डस्पार, त्याच्या बाहेर किंवा त्याच्यावर चढलेला सेरिसाइट (बारीक पांढरं अभ्रक) आणि पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) यांचा फिकट पांढुरका भाग, आणि अजून बाहेर क्लोराइट-एपिडोटचा हिरवट प्रॉपिलिटिक भाग. लॉवेल आणि गिलबर्ट या भूवैज्ञानिकांनी १९७० मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या सॅन मॅन्युएल-कालामाझू या कॉपरच्या साठ्यावरून हे कवचांचं चित्र मांडलं. तिथली गोष्ट मला फार आवडते, कारण लॉवेलने बघितलं की सॅन मॅन्युएलला ही कवचं अर्धीच दिसतायत, म्हणजे फॉल्टने (खडक जिथून सरकतात त्या मोठ्या भेगेने) उरलेलं अर्ध कापून दुसरीकडे सरकवलं असणार, आणि १९६५ मध्ये तिथे ड्रिल करून त्याने कालामाझू शोधलं. म्हणून फाइल वाचताना 'बदल कुठला' हे 'ग्रेड किती'च्या आधी बघा. होलच्या तळाशी हिरवा प्रॉपिलिटिक खडक असेल तर तुम्ही बहुतेक बाहेर आलात. तळाशी बायोटाइट वाढत चाललं असेल आणि कोणीतरी होल तिथेच बंद केला असेल तर त्या पानाला खूण लावा.

आता मॉलिब्डेनाइट, म्हणजे मॉलिब्डेनमचं सल्फाइड, ओळखणं. कोअरचा, म्हणजे ड्रिलने होलमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याचा, तुकडा धुवा, वाळू द्या, उन्हात धरा आणि भिंग लावा. साधारण बोटाच्या पेराएवढी रुंद क्वार्ट्झची शीर असेल तर तिच्या दोन्ही कडांना शिशासारखी निळसर करडी चमकदार पट्टी दिसते, कधीकधी शिरेच्या मधोमध एक रेघही. बोट फिरवलं की तेलकट लागतं आणि बोट काळं होतं, कागदावर घासलं की पेन्सिलीसारखी निळसर राखाडी रेघ उठते. ग्रॅफाइटशी घोटाळा इथेच होतो. चकाकी असलेल्या पांढऱ्या चिनीमातीवर घासा, मॉलिब्डेनाइट हिरवट झाक देतं, ग्रॅफाइट काळंच राहतं, आणि मॉलिब्डेनाइट हातात साधारण दुप्पट जड लागतं. चिलीतल्या एल साल्वादोर खाणीवरच्या १९७५ च्या गुस्ताफसन आणि हंट यांच्या कामात शिरांना ए, बी, डी अशी नावं दिलीत. मॉलिब्डेनाइट असलेली ही सरळ कडांची शीर बी, आणि पायराइट मधे, सेरिसाइटची फिकट किनार बाहेर अशी शीर डी, जी सगळ्यात उशिरा येते. कुठली शीर कुठल्या शिरेला कापते हे एकदा स्वतः बघितलं की रिपोर्टमधला क्रम नुसता पाठ करावा लागत नाही. लॉगमध्ये, म्हणजे कोअरच्या नोंदीत, फ्लोराइट किंवा टोपाझ वारंवार येत असेल तर कोलोरॅडोच्या क्लायमॅक्स खाणीसारखा फ्लोरिनवाला, कॉपर कमी असलेला प्रकार मनात धरा. कॉपर आणि मॉलिब्डेनम दोन्ही सोबत असतील आणि फ्लोरिन फारसं नसेल तर तो वेगळा गट, आणि अपेक्षाही वेगळ्या.

मातीचे नकाशे वाचताना सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. पायराइट हवेपाण्यात सडलं की आम्ल तयार होतं, त्या आम्लात कॉपर विरघळून खाली जातं आणि खाली चाल्कोसाइट (कॉपरचं सल्फाइड) म्हणून परत बसतं. मॉलिब्डेनमचं नेमकं उलट, आम्ल आणि लोखंड भरपूर असलं की ते वरच अडकतं, पिवळ्याधमक फेरिमॉलिब्डाइटच्या रूपात किंवा लोखंडाच्या गंजाला चिकटून. त्यामुळे डोंगरमाथ्यावर मातीत मॉलिब्डेनम भरपूर आणि कॉपर नगण्य असं दिसलं की 'इथे कॉपर नाही' असा निष्कर्ष काढू नका, वरचं धुतलं गेलं असेल आणि खाली काय आहे ते त्या नकाशाला माहीतच नाही. आसपास चुनखडीसारखा आम्ल मारणारा खडक असेल तर गणित फिरतं, कारण तिथे मॉलिब्डेनमच पाण्याबरोबर निघून जातं. जमिनीच्या कवचात मॉलिब्डेनम सरासरी साधारण १ पीपीएम (दहा लाखात एक भाग), तेव्हा मातीत २०-३० पीपीएम सलग मोठ्या पट्ट्यात येणं ही गंभीर गोष्ट आहे, आकडा छोटा दिसतो म्हणून सोडू नका. अंधारात शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली पिवळं चमकणारं पॉवेलाइट दिसलं तर तेही मॉलिब्डेनमचंच.

जिओफिजिक्सबद्दल थोडक्यात. आयपी सर्व्हेत, म्हणजे जमिनीत वीज सोडून सल्फाइड शोधायच्या मोजणीत, सगळ्यात लाल (जास्त आकड्याचा) भाग म्हणजे बहुतेक वेळा पायराइटचा बाहेरचा वेढा, खनिज नव्हे, आणि जुन्या कंपन्यांनी नेमका तोच लाल भाग ड्रिल करून 'फक्त पायराइट' असं लिहून फाइल बंद केल्याचं वारंवार वाचायला मिळतं. मॅग्नेटिकमध्ये पोटॅसिक भागात मॅग्नेटाइट असेल तर उंचवटा दिसू शकतो, सेरिसाइटवाल्या भागात मॅग्नेटाइट नष्ट होऊन खड्डा. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघा.

आकड्यांची तपासणी कंटाळवाणी वाटली तरी सगळ्यात कामाची. जुन्या रिपोर्टमध्ये ग्रेड बहुतेकदा मॉलिब्डेनाइटमध्ये देतात, नव्यात मॉलिब्डेनममध्ये. मॉलिब्डेनाइटचा आकडा ०.६ ने गुणा, म्हणजे ०.१० टक्के मॉलिब्डेनाइट म्हणजे ०.०६ टक्के मॉलिब्डेनम, ६०० पीपीएम. हे न बघता दोन काळातले होल एकाच तक्त्यात टाकले की चित्रच खोटं होतं. फूट आणि मीटर तसंच, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. मग कोअर रिकव्हरीचा, म्हणजे ड्रिल केलेल्या लांबीतला किती कोअर हाती आला त्याचा, रकाना बघा. मॉलिब्डेनाइट मऊ, भेगांच्या कडेला बसलेलं, ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर सहज वाहून जातं, त्यामुळे ६० टक्के रिकव्हरी असलेल्या पट्ट्यातला ग्रेड खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. जुने कोअर बारीकही असायचे, एएक्स मापाचा ३०.१ मिलिमीटर, आताचा एनक्यू मापाचा ४७.६. आणि मुख्य म्हणजे काय तपासलं ते बघा. कॉपर शोधायला आलेल्या कंपनीने मॉलिब्डेनम तपासलंच नसेल तर रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. त्या रकान्यात स्वतः '०' भरू नका.

आता मूळ प्रश्नाकडे या. कागदावर एक उभी रेघ काढा, डाव्या बाजूला प्रॉस्पेक्टवरच्या कामाची वर्षं लिहा, उजव्या बाजूला मॉलिब्डेनमच्या भावाची हालचाल. १९७० च्या दशकाच्या शेवटी भाव प्रचंड चढले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपटले, २००४-०५ ला पुन्हा चढले, २००८ च्या शेवटी मंदीत परत खाली आले. काम १९८१-८२ ला अचानक थांबलं आणि रिपोर्टच्या शेवटी 'पुढच्या टप्प्यात आणखी चार होल' अशी शिफारस असेल, तर खडकाने नाही म्हटलेलं नाही, बाजाराने म्हटलंय. उलट भाव चढे असताना, हातात पैसे असताना कंपनीने सोडलं असेल तर नीट बघा, त्यांना काहीतरी दिसलं असणार. मालक बदलले, लीज संपली, रस्ता वाहून गेला, ही कारणंही याच रेघेवर लिहा. आणि खोलीला घाबरू नका. कोलोरॅडोतच रेड माउंटनमध्ये उराड नावाची खाण वरच्या भागात चालू होती आणि त्याच डोंगराच्या पोटात खूप खोलवर हेंडरसनचा साठा १९६० च्या दशकात खोल ड्रिलिंग करून सापडला, उत्पादन १९७६ मध्ये सुरू झालं. वरच्या होलमध्ये फिकं दिसलं म्हणून खालचं सोडून देणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी नेहमी सांगतो.

फाइलमध्ये 'अमुक दशलक्ष टन, अमुक टक्के' असा जुना साठ्याचा आकडा असतोच. कॅनडात २००१ पासून एनआय ४३-१०१ या खनिज प्रकल्पांची माहिती जाहीर करण्याच्या नियमानुसार असा जुना अंदाज आजचा साठा म्हणून मांडता येत नाही, योग्य पात्रतेच्या माणसाने पुरेसं काम करून पडताळायला हवा. तुम्ही कुठल्याही देशातली फाइल वाचत असाल तरी हाच शिस्तीचा नियम लावा. होलच्या जागाही पडताळा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात नॅड २७ चे (नकाशाच्या १९२७ च्या जुन्या संदर्भ-चौकटीचे) यूटीएम (मीटरमधले) कोऑर्डिनेट नॅड ८३ (१९८३ ची नवी चौकट) समजून टाकले तर होल सुमारे २०० मीटर सरकतो, म्हणजे तुम्ही नवीन होल चुकीच्या उतारावर लावाल. शक्य असेल तर डोंगरावर जाऊन जुन्या केसिंगचा पाइप शोधून जीपीएसवर नोंदवा.

शेवटी सगळे होल एका क्रॉस-सेक्शनवर उतरवा. बदलाचे रंग भरा, दर होलच्या शेवटच्या पाच नमुन्यांचे आकडे तळाशी लिहा, फॉल्ट असेल तर ती रेघ ओढून दोन्ही बाजूंची कवचं जुळतायत का बघा. ज्या होलचा तळ पोटॅसिकमध्ये आहे, शेवटचे आकडे चढत चाललेत आणि बंद करण्याचं कारण खडकाशी संबंधित नाही, त्याच्याभोवती लाल गोल करा आणि तो कोअर अजून कुठे ठेवलेला आहे का ते विचारत सुटा. मिळाला तर शेवटच्या तीस मीटरच्या पेट्या बाहेर काढा, आधी पेटीवरचा आकडा आणि आतल्या लाकडी ठोकळ्यावरचा आकडा जुळतोय ना ते बघा, आणि मग धुवायला घ्या.