काकांवर पाच मिनिटं बोलायचं होतं, त्याची पद्धत

काका गेले तेव्हा तेराव्याला दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात "हा लिहितो-बिहितो" अशी माझी ख्याती. रात्री बसून लिहिलं, मनमिळाऊ, दिलदार, कष्टाळू, कुटुंबवत्सल वगैरे, आणि सकाळी काकूला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, छान आहे रे, पण हे कोणाबद्दल आहे? तरी तेच वाचलं, वेळच नव्हता. वर्षश्राद्धाला मात्र छोटी पुस्तिका काढायची ठरली तेव्हा नीट केलं. कसं केलं ते सांगतो, तुमच्याही घरात असा एखादा माणूस असेल, कारखाना, गोल्फ, शंभर मित्र आणि घरी कायम उशीर.

सगळ्यात आधी त्यांचा फोन. सिम लगेच बंद करू नका. व्हॉट्सॲपचं अकाउंट साधारण 120 दिवस वापरलं नाही की उडतं, आणि अशा माणसाचं अर्धं आयुष्य तिथेच असतं. मोठ्या ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगशिवाय काही मिळत नाही, पण एकेकाशी झालेली चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेजसकट. खाजगी काही दिसलं तर पुढे सरका, वाचत बसू नका.

मग माणसं. इथे मी आधी चूक केली, फोन करून विचारायचो "काका कसे होते?" आणि समोरून तेच यायचं, फार मोठ्या मनाचे होते हो. ह्याच्यावर काय लिहिणार. नंतर प्रश्न बदलला. तुम्हाला काय नावाने हाक मारायचे? शेवटचं भांडण कशावरून झालं? तुमच्याकडे त्यांची कुठली वस्तू राहिलीय? बस, लोक सुटतात. माणसं जमवणारा माणूस प्रत्येकाला वेगळं नाव ठेवतो, आमच्या काकांनी ठेवलेली 23 नावं मी गोळा केली, त्यातली चार छापण्यासारखी नव्हती.

फक्त मोठ्या लोकांना विचारू नका. मी पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जाऊन त्यांच्या कॅडीला, म्हणजे खेळताना बॅग उचलून सोबत चालणाऱ्याला, भेटलो. मित्रांना काका फक्त त्यांच्याशी बोलताना माहीत, पण कॅडीने त्यांना बॉल झुडपात गेल्यावर पाहिलेलं असतं. तो म्हणाला, साहेब चिडायचे पण स्वतःवर, आणि बॅगेत स्टिक (बॉल मारायच्या काठ्या) कमी, खाऊ जास्त. नियमाने 14 पर्यंत स्टिक चालतात, काकांच्या 11 होत्या, उरलेल्या जागेत छत्री आणि शेंगदाण्याची चिक्की. चिक्की कोणाला, तर कॅडीच्या पोरीला. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आता स्कोअरकार्डं, म्हणजे कोणी किती फटके घेतले ते लिहायची कार्डं. गोल्फवाल्याच्या घरी ती कुठेतरी रबरबँड लावून पडलेली असतातच, रद्दीत घालू नका. पेन्सिलीने लिहिलेलं असल्यामुळे वीस वर्षांपूर्वीचंही वाचता येतं, त्याच काळातली थर्मल पेपरची बिलं मात्र कोरी झालेली असतात. मित्रांच्या खेळात एकाच कार्डावर चौघांचे आकडे असतात, तारीख असते, म्हणजे ही डायरीच झाली की, कुठल्या रविवारी कोणाबरोबर. मी तारखेप्रमाणे लावली तर एका मित्राचं नाव दोन वर्षं गायब आणि मग परत सुरू, विचारलं तर कळलं पैशावरून वाजलं होतं आणि काकांनीच आधी फोन केला. पूर्ण खेळ अठरा होलचा, म्हणजे बॉल घालायच्या अठरा खड्ड्यांचा, पण एका कार्डावर फक्त नऊ होलचे आकडे भरलेले, पुढचे नऊ कोरे. ती तारीख त्यांच्या नातीच्या जन्माची.

वाचणाऱ्यांना गोल्फ माहीत नसतो हे लक्षात ठेवा, आमच्या नाशिकच्या आत्याला गोल्फ क्लब म्हणजे सकाळी लोक चालायला जातात ते मैदान. थोडक्यात सांगून टाका, चौघं मिळून 18 होल, चारेक तास, सहा-सात किलोमीटर चाल, त्यात प्रत्यक्ष बॉल मारणं काही मिनिटं आणि बाकी सगळ्या गप्पा. आणि हँडिकॅप जरूर सांगा, म्हणजे खेळाडू जितका कच्चा तितकी त्याला मिळणारी फटक्यांची सूट. 18 हँडिकॅपवाल्याने 90 फटके घेतले की त्यातून 18 वजा करून 72 धरतात, म्हणजे कच्चा आणि पक्का एकत्र खेळू शकतात. काकांना हा खेळ का आवडायचा ते यातच आलं, कोणालाही सोबत घेता यायचं.

धंद्याबद्दल टर्नओव्हर, पुरस्कार एका ओळीत संपवा, कोणी ऐकत नाही. शॉपमधल्या माणसांना विचारा. काकांचं भोसरीला मशीन शॉप, तिथल्या एका जुन्या टर्नरने (लेथ चालवणाऱ्याने) सांगितलं की नवीन पोरगा आला की शेठ त्याच्या हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि गोल्फचा बॉल द्यायचे, माप म्हणायचे. बॉल 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही हा नियम, आणि गोल वस्तूचा मध्य नीट पकडला नाही तर रीडिंग कमी येतं, पोरगं म्हणायचं साहेब बॉल डुप्लिकेट आहे. बॉल नाही, हात डुप्लिकेट आहे, हे शेठचं ठरलेलं उत्तर. हा एक किस्सा मिळाला आणि कारखान्याचं पान झालं.

घरच्यांचा भाग सगळ्यात अवघड, कारण सगळ्यांमध्ये वाटला गेलेला माणूस घरच्यांच्या वाट्याला कमीच आलेला असतो. कुटुंबवत्सल लिहून ते झाकू नका. मी काकूला विचारलं, लिहू का? ती म्हणाली लिही, रविवारी ते मला कधी सापडले नाहीत, पण बाराला येताना सुरळीच्या वड्या आणायचे, लाच म्हणून. हे सांगताना ती टेबलाखाली पायाने काहीतरी फिरवत होती, टाच दुखते म्हणून गोल्फचा बॉल, रोजचं आहे म्हणे. ते मी तसंच लिहिलं.

फोटो हार घालायचा पासपोर्टछाप घेऊ नका, घामाने टोपी ओली झालेला घ्या. जुने प्रिंट 600 डीपीआयला स्कॅन करा, चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात.

बोलायचं असेल तर पाच मिनिटांना पाच-साडेपाचशे शब्द पुरतात. किस्से तीनच ठेवा. आणि शेवटी घरातल्या सगळ्यात खडूस माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो नुसता छान म्हणाला तर परत लिहायला बसा. या वेळी काकूने मला मधेच थांबवलं, "वड्या पाव किलो नाही, अर्धा किलो असायच्या." तेवढं दुरुस्त केलं आणि प्रिंटला टाकलं.