खोकल्यासरशी उठणारी कळ: कियारीचा संशय आला तर

मी कोथरूडला पोळी-भाजीचं काम करते. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताची करंगळी तव्याला टेकली आणि मला कळलं ते करपल्याचा वास आल्यावर. त्याआधी वर्षभर अंबाड्याच्या जागी एक कळ यायची. शिंकले, ठसका लागला, सिलिंडर सरकवला की सणकन उठायची आणि मिनिटभरात ओसरायची. तेवढ्यात माझी तीन निदानं झाली: पित्त, स्पॉन्डिलोसिस आणि ‘पाळी जायची वेळ आलीय, होतं असं’. महिनाभर मानेला पट्टाही बांधला. शेवटी निघालं ते कियारी: लहान मेंदूची टोकं कवटीतून खाली मानेत उतरण्याचा आजार. चूक थोडी माझीही. मी नुसतं “डोकं दुखतं” म्हणायचे. डोकं कुणाचं दुखत नाही?

म्हणून पहिलं काम वहीचं. आठ-दहा दिवस लिहून ठेवा: कळ कशाने उठली, कुठे, किती वेळ टिकली. खोकणं, शिंकणं, कुंथणं, खदखदून हसणं यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला उठणारी कळ ही कियारीची ठळक खूण. तोल जाणं, कानात आवाज, घास अडकणं, हाताला मुंग्या, गरम-गार न कळणं, झोपेत श्वास थांबणं हेही लिहा. श्वासाचं घरच्यांना विचारा. आमच्या ह्यांना ते ठाऊक होतं, पण ‘घोरतेस’ म्हटलं तर मी चिडेन म्हणून गप्प बसले होते!

वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, थेट सर्जनकडे नको. ससूनला जाणार असाल तर सकाळी लवकर केसपेपर काढा. गिळता येईनासं झालं, हातापायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र नंबरबिंबर नाही, सरळ इमर्जन्सी. आणि निदान होईपर्यंत सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद.

कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, तिथून मज्जारज्जू खाली उतरतो. लहान मेंदूची टोकं त्या भोकातून मानेत उतरली की मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते. हान्स कियारी या डॉक्टरांनी प्रागमध्ये 1891 साली हे पहिल्यांदा मांडलं. आपल्याकडे बरेच जण ‘चिआरी’ म्हणतात, दोन्ही एकच. टोकं 5 मिलिमीटर किंवा जास्त उतरली तर सहसा कियारी म्हणतात. पण तेवढी उतरूनही काहीच त्रास नसलेली माणसं असतात, तेव्हा नुसत्या आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही.

माझा पहिला एमआरआय फक्त मेंदूचा झाला. रिपोर्टात शेवटून दुसऱ्या ओळीत टोकं खाली असल्याचं लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही, मीही नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारा: मेंदूसोबत कवटी-मानेचा सांधा आणि पूर्ण मणका घ्यायचा का? मज्जारज्जूत पाण्याची पोकळी, म्हणजे सिरिंक्स, झालीय का ते मणक्यातच दिसतं. माझ्या न कळणाऱ्या बोटांचं उत्तर तिथेच निघालं. पाण्याचा प्रवाह दाखवणारी सिने एमआरआय लागेल का, तेही विचारा. मंगळसूत्र, जोडवी घरीच ठेवून जा. रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या, कारण चांगला सर्जन चित्रं स्वतः बघतो.

आणखी एक. डोकं उभं राहिल्यावर दुखत असेल आणि आडवं झाल्यावर थांबत असेल, तर हे आवर्जून सांगा. मणक्यातून पाणी गळत असलं तरी टोकं ओघळलेली दिसतात, आणि तिथे कियारीचं ऑपरेशन चुकीचं ठरतं.

मग न्यूरोसर्जन, आणि एक नाही, दोन. मते वेगळी पडली तर घाबरू नका. नेहमीच्या ऑपरेशनात कवटीचं मागचं थोडं हाड आणि बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमान काढून जागा करतात. मुंबईचे डॉ. अतुल गोयल यांचं म्हणणं असं, की मूळ दोष पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या सांध्यात आहे, तो स्क्रूने पक्का करा. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मी दोघांनाही तेच प्रश्न विचारले: वर्षाला अशा किती केसेस करता? हाडाच्या आतलं, मेंदूवरचं आवरण उघडून ठिगळ लावणार का? माझा सांधा सैल आहे का, आणि ते कशावरून?

पैशांचं ॲडमिट होण्याआधीच बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड सोबत न्या. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपण होऊन कुणी सांगत नाही, समाजसेवा विभागाचं दार आपणच शोधायचं.

ऑपरेशनने काय जाईल आणि काय तसंच राहील, हे आधी स्पष्ट विचारा. माझी कळ गेली. बोटांना गरम अजून कळत नाही, म्हणून पोळी आता उलथण्यानेच उलटते.