निवृत्तीनंतर गावात राहायला जाताय? आधी पाणी बघा

नोकरी संपवून गावातल्या घरी राहायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात एखादा तरी मोठा बेत असतोच. मागे शेड घालायची, अंगणात फरशी बसवायची, नाहीतर एक खोली वाढवायची. मी प्रत्येकाला एकच सांगतो: पहिलं वर्ष काही बांधू नका. घरावरून सगळे ऋतू एकदा जाऊ द्या आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे मुरतं एवढंच बघा. गावातल्या घराची निम्मी दुरुस्ती शेवटी पाण्याचीच निघते.

जोराचा पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा. शेजारी हसतील, हसू द्या. 100 चौरस मीटर छपरावर फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1,000 लिटर पाणी होतं. पन्हाळ पानांनी तुंबली असेल तर यातलं बरंचसं भिंतीलगत पायाशी ओतलं जातं. मग आत पोपडे सुटतात आणि आपण रंगवाल्याला बोलावतो. ओल बंद न करता दिलेला रंग पुन्हा सुटणारच. आधी पन्हाळ साफ करा, छपरातून जाणाऱ्या पाइपांभोवतीच्या फटी बघा, भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. भिंत पुरती वाळल्यावरच रंगाचा डबा उघडायचा.

दुसरं प्रकरण पंपाचं. मोटर फिरते, पाणी येत नाही, ही तक्रार नवख्यांकडून सर्वांत जास्त ऐकतो. विहिरीवरच्या किंवा जमिनीतल्या टाकीवरच्या पंपाचं असं झालं, तर मोटर जळाली असं लगेच समजू नका. ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पाणी वर जाऊ देणारी पण खाली उतरू न देणारी झडप. त्यात काडीकचरा अडकला किंवा त्याचं रबर झिजलं की पाइपमधलं पाणी खाली उतरतं आणि पंपात हवा भरते. आधी पंप बंद करा, कारण आतल्या सीलला थंडावा पाण्यानेच मिळतो आणि कोरडा चालला की ते जातं. पाणी ओतून पंप भरा, मग चालू करा. रात्रभरात पुन्हा रिकामा झाला तर व्हॉल्व्ह वर काढून बघावाच लागतो, नाहीतर पाइपच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत असते. सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली की जोडताना ती गोळा होऊन बाहेर येते.

सेप्टिक टँकची गोष्ट थोडक्यात. साधारण तीन ते पाच वर्षांनी गाळ उपसून घ्या आणि ते काम यंत्रवाल्यांकडूनच करवून घ्या. झाकण उघडून आत वाकायचं नाही आणि कुणाला आत उतरवायचं तर मुळीच नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

सिमेंटच्या कामात अंगमेहनतीपेक्षा तारखा महत्त्वाच्या. पोती तीन महिन्यांहून जास्त पडून राहिली की सिमेंटची ताकद घटू लागते, म्हणून स्वस्त मिळालं तरी साठा करू नये. केलेल्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. त्या आठवड्यात लग्नाला जायचं असेल तर ओटा पुढच्या महिन्यात.

आता स्वतःच्या शरीराचं. साठीनंतर हातातली कला शाबूत असते, तोल तेवढा राहत नाही. शिडी टेकवताना दर चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा आणि खाली धरायला माणूस हवा. वर चढायचं काम आपण करायचं की दुसऱ्याला द्यायचं, हे जमिनीवर उभं असतानाच ठरवा. मी छपरावरचं काम सरळ दुसऱ्याला देतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वाफ्यात बसून काम केल्यावर झटकन उठू नका, चक्कर येते. रक्त पातळ करणारं औषध घेत असाल तर कोयता चालवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांपूर्वी घेतलेलं असेल तर नवं घ्या. मातीत हात घालणाऱ्याला हे टाळता येत नाही.

हत्यारं थोडीच पण चांगली घ्या. दोन पाने, पक्कड, हातोडी, कानस, ओळंबा आणि एक लांब पारदर्शक नळी. नळीत पाणी भरलं की दोन टोकांची पातळी कळते, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बाकीचं हत्यार काम निघेल तेव्हा. सुरुवातीला आणलेला जाडजूड संच बहुतेकांच्या घरी खोक्यातच राहतो.

गावातल्या गवंड्याशी आणि नळकाम करणाऱ्याशी काम निघायच्या आधीच ओळख करून घ्या. त्याला एकदा घर दाखवा आणि तो काय बघतो ते आपण बघा. जमिनीत पाइप किंवा वायर गाडताना चर बुजवायच्या आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. भिंतीपासूनचं अंतर वहीत लिहा आणि ती वही मीटरच्या पेटीजवळ टांगा, कारण पुढचा खड्डा कदाचित तुम्ही घरी नसताना खणला जाईल.