तळातले कोरी मासे मरत होते, वरचे गप्पी ठणठणीत: माझा अनुभव

जळगावचा मे महिना. माशांच्या टाकीतले कोरीडोरास (तळाशी चरणारे, मिशा असलेले मासे, थोडक्यात कोरी) एकेक करून मरत होते, मिशा झिजलेल्या, पोट लालसर. वर पोहणारे गप्पी मासे मात्र मजेत. औषध टाकलं, पाणी बदललं, उपयोग शून्य. रडकुंडीला आलो होतो.

तळातली खडी बोटाने उकरली तर खालून काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. म्हणजे दोष तळातच होता.

आधी मासे टाकीच्याच पाण्यासकट बादलीत काढले, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. मग सायफनने गाळ ओढून सगळी खडी काढली. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. तळाला धुतलेल्या बारीक, गोलसर वाळूचा जेमतेम २-३ सेंटिमीटर थर, वर क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी. मासे सोडल्यावर पाणी गार राहावं म्हणून पृष्ठभागावर पंखा लावला, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आता कोरी वाळूत तोंड खुपसून चरतात.